फंक्शनला अख्खी ओळ देता येते
नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या आयटी ऑफिसांत नव्या मुलांना अजूनही सांगतात: डेटाबेसमधल्या फंक्शनला, म्हणजे दिलेल्या माहितीवर ठरलेलं काम करणाऱ्या कोडला, टेबलची अख्खी ओळ देता येत नाही, एकेक कॉलम सुटा पाठवा. पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतं हे साफ चूक आहे. तिथे टेबल बनलं की त्याच नावाचा संयुक्त टाइप, म्हणजे सगळे कॉलम एकत्र धरणारा डेटाचा प्रकार, आपोआप तयार होतो. पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला मिळणाऱ्या माहितीचा, टाइप म्हणून टेबलचं नाव लिहा, क्वेरीत तेच नाव फंक्शनला द्या, ओळ पोचते.

वीस कॉलमांची माळ ओवताना दोन तारखांची अदलाबदल झाली, तर टाइप जुळतात, एरर येत नाही आणि चुकीचा हिशेब निमूट पुढे जातो. म्हणून हा गैरसमज मला खुपतो. पोस्टग्रेसमध्ये अनेक ओळींसाठी त्याच टाइपचा यादीवजा अ‍ॅरे चालतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून टेबलच पॅरामीटर म्हणून देता येतं, फक्त वाचण्यापुरतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र ओळ किंवा टेबल देण्याची सोय खरोखरच नाही.