फोर्कलिफ्टचं ‘लायसन्स’ म्हणजे नेमका कोणता कागद?

चाकण असो की भिवंडीचं गोडाऊन, ऑपरेटरची जागा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘फोर्कलिफ्टचं लायसन्स आहे का?’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळे कागद खपतात, आणि नवखा उमेदवार नेमका नको त्या कागदावर आधी पैसे घालवतो.

पहिला कागद आरटीओचा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(28) मधल्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळली आहेत. म्हणजे गेटच्या आत राहणाऱ्या अशा फोर्कलिफ्टसाठी हा कायदा लायसन्स मागत नाही. मात्र तीच गाडी माल घेऊन एमआयडीसीचा रस्ता ओलांडून समोरच्या गाळ्यात जाऊ लागली, की प्रश्न बदलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बांधकाम यंत्र-वाहनांची जी व्याख्या आहे, तिच्यात फोर्कलिफ्टचं नाव आहे. म्हणजे रस्त्यासाठी लायसन्स हवं; त्याकरता परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर नमुना 2 भरायचा. सोबत वयाचा व पत्त्याचा पुरावा, प्रकृतीबद्दल नमुना 1 मधलं स्वयंघोषणापत्र, आणि चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा नमुना 1-अ. शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं. पक्क्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. कारचं लायसन्स आधीच असेल तर त्यातच नवा वर्ग वाढवून घ्यायचा.

दुसरा कागद प्रशिक्षण संस्थेचं सर्टिफिकेट. मुलाखतीला ते उपयोगी पडतं, पण ती गाडी चालवायची परवानगी नव्हे. ‘आजीवन वैध’ असं छापलेलं लॅमिनेटेड कार्ड कोणी दोन तासांत देत असेल तर खुशाल परत फिरा. फी भरण्याआधी एवढंच विचारा: प्रत्यक्ष गाडीवर किती तास मिळणार, आणि गाडी कोणती? डिझेलवर चालणारी काउंटरबॅलन्स (मागच्या वजनाने तोल सांभाळणारी) आणि अरुंद गल्लीतली बॅटरीवरची रीच ट्रक (काटे पुढे सरकवून माल घेणारी) यांचा हात वेगळा असतो.

खरं वजन तिसऱ्या कागदाला, म्हणजे कंपनीच्या अधिकारपत्राला: चाचणी घेऊन कंपनी देते ते गाडी चालवायच्या परवानगीचं कार्ड. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना अधिनियमात 7-अ कलम आलं आणि कामगाराला सुरक्षेचं प्रशिक्षण देणं ही भोगवटादाराची, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेल्या मालकाची, जबाबदारी ठरली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. जबाबदारी मालकाकडेच राहिली. म्हणून ‘ट्रेनिंग स्वतःच्या खर्चाने करून ये’ असं ठेकेदार म्हणाला, तर मुकाट मान डोलवू नका.

या अधिकारपत्रासाठी वय 18 पूर्ण हवं. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, जुन्या कामाचा अनुभवदाखला आणि वैद्यकीय तपासणीचा कागद जवळ ठेवा. तपासणीत नजर आणि ऐकणं नीट पाहतात. फिट येत असतील तर लपवू नका.

कंपनीच्या चाचणीत बहुतेकजण अडकतात ते गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवर. 3000 किलो, लोड सेंटर 500 मिमी, असं लिहिलेलं असतं. काट्यांच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर 500 मिमी असेल तरच 3 टन. 1200 मिमी लांबीचं पॅलेट लांबीने उचललं तर मध्य 600 मिमीवर जातो आणि क्षमता तिथेच घटते. ‘तीन टनी गाडी आहे, उचल’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला ही पाटी दाखवावी. दुसरा हमखास प्रश्न उताराचा: भरलेली गाडी चढताना पुढे तोंड करून, उतरताना रिव्हर्समध्ये, माल कायम चढाच्या बाजूला. गाडी कलंडू लागली तर उडी मारायची नाही. बेल्ट लावलेलाच असतो, स्टिअरिंग घट्ट धरून आतच बसायचं. उडी मारणारा नेमका वरच्या सांगाड्याखाली सापडतो.

पास झाल्यावर कार्डावर तुमचं नाव, फोटो, गाडीचा प्रकार, टनेज (किती टनी गाडी ते) आणि मुदत लिहिली आहे का ते तिथल्या तिथे तपासा. टनेजची जागा कोरी असेल तर भरून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नका. प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची एक झेरॉक्सही मागून ठेवा; ठेकेदार बदलला की जुनी फाइल सापडत नाही.