ऑपरेशनच्या बाजूचा हात: एका मनाईची पार्श्वभूमी

“सिस्टर, या हाताला नको.” बीपीचा पट्टा पुढे आला की स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई त्या बाजूचा हात मागे घेते. सुई नको, सलाइन नको, घट्ट बांगडी नको, भाजीची पिशवी तर नकोच. ऑपरेशनला पंधरा वर्षं झाली तरी हे पाळायचं, कारण हात सुजेल. ही भीती खोटी नाही. पण मनाईची ही यादी ज्या काळात रुजली, त्या काळातलं ऑपरेशन आता जवळजवळ कुणी करत नाही.

ते ऑपरेशन अमेरिकेत १८९४ साली लेखरूपाने मांडलं गेलं. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी (हातातून येणारा द्रव ज्यांतून वाहतो त्या छोट्या गाठी, लिम्फ नोड), सगळं एकत्र काढायचं. पुढे पाऊणशे वर्षं हीच पद्धत चालली. १९२१ मध्ये ती रूढ करणाऱ्या शल्यविशारदानेच नंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवर लेख लिहिला आणि तिला ‘शस्त्रक्रियेने आलेला हत्तीरोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याचा रोख जंतुसंसर्गावर होता. प्रतिजैविकं यायची होती, तेव्हा हाताला एक काटा लागला तरी धडकी भरावी असेच ते दिवस. नावातला हत्ती आपल्याकडे आधीच वस्तीला होता. विदर्भातून पुण्याला मुलाकडे उपचारांसाठी आलेल्या आजींचा हात सुजला, तर घरच्यांना आधी डास आणि फायलेरिया, म्हणजे हत्तीरोगच आठवतो.

मराठीतला घोळ आणखी एका शब्दाचा आहे. स्तनातला ट्यूमर म्हणजे गाठ आणि काखेतली लसिका ग्रंथी म्हणजेही गाठच. रिपोर्टवर ‘२/१७’ असतं आणि घरी सांगितलं जातं, “सतरा गाठी निघाल्या.” खरं तर सतरा ग्रंथी तपासल्या आणि दोनच कॅन्सरच्या निघाल्या. उरलेल्या पंधरा निरोगी होत्या आणि हातातला द्रव वाहून नेणाऱ्या वाटेवर होत्या. सुजेचा धोका येतो तो ही वाट तुटल्याने.

हे उमगल्यावर १९९० च्या दशकात रोख बदलला. निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव टोचून काखेतल्या पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधायच्या, त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने पुढचं पाऊल टाकलं: स्तन वाचवून रेडिएशन घेणाऱ्यांत या पहिल्या ग्रंथींपैकी एक-दोनांत कॅन्सर सापडला तरी पूर्ण काख साफ केल्याने, म्हणजे तिथल्या सगळ्या ग्रंथी काढल्याने, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २०१३ च्या एका एकत्रित आढाव्यात पूर्ण काख काढलेल्या १०० जणींत सुमारे २० जणींचा हात सुजला होता, मोजक्याच ग्रंथी काढलेल्यांत पाच-सहा जणींचा. आकडे अभ्यासागणिक बदलतात, कारण सूज कशाला म्हणायचं हेच एक नाही. कुणी टेपने दोन सेंटिमीटरचा फरक धरतं, कुणी हाताच्या आकारमानात दहा टक्के वाढ.

ऑपरेशन आकसलं, यादी मात्र होती तेवढीच राहिली. खरा वाद इथे आहे. सुईबद्दलची शंका अगदी निराधार नव्हती, एका छोट्या अभ्यासात तसा संबंध दिसलाही होता. पण २०१६ मध्ये बोस्टनमधून ६३२ रुग्णांच्या हातांची तीन हजारांहून जास्त मोजमापं प्रसिद्ध झाली. रक्त काढणं, इंजेक्शन, विमानप्रवास, कशाचाही हात फुगण्याशी ठळक संबंध लागला नाही. बीपीच्या पट्ट्याचाही नाही. संबंध लागला तो चार गोष्टींचा: पूर्ण काख काढणं, ग्रंथींच्या भागावर रेडिएशन, वाढलेलं वजन आणि त्वचेखालचा संसर्ग, म्हणजे सेल्युलायटिस. पिशवीचंही तेच. २००९ मध्ये आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांवरचा अभ्यास आला. निम्म्या जणींना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाहीच, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले.

तरी मनाई टिकते, कारण ती पाळायला कुणालाच काही पडत नाही असं वाटतं. पडतं. दोन्ही काखांचं ऑपरेशन झालेल्या बाईचं बीपी पोटरीवर घेतात, शीर पायात शोधतात. उजवा हात बाद झालेल्या काकू पोळ्या लाटायलाही घाबरतात आणि न वापरलेला खांदा आखडतो. दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढे करावा, एवढं सांगणं वेगळं आणि ‘या हाताला कधीच नाही’ हे वेगळं.

सूज आली तर पट्ट्या, हलका मसाज, व्यायाम आणि दाबाची बाही हा उपाय युरोपातून आला. त्यातल्या मसाजाची पद्धत १९३० च्या दशकातली. बाही घालायला बायका लाजतात म्हणे. पुण्यात हा प्रश्न थोडा सोपा आहे. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला निम्म्या स्कूटरवाल्या दंडापर्यंत हातमोजे चढवून उभ्या असतात, त्यात एक बाही कुणाला दिसणार! फक्त उन्हाचा मोजा म्हणजे दाबाची बाही नव्हे. बाही मापाची लागते, मनगटाशी जास्त आणि वर कमी आवळणारी. त्या मोज्याचं इलॅस्टिक नेमकं उलट, दंडाला काचतं.

मी पाहिलेल्या सूचनापत्रकांत बीपी आणि सुई सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असतात. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ही ओळ खाली कुठेतरी सापडते, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन पुसट झालेली.