रेंगाळणारं वादळ

ऑक्टोबर अर्धा सरला की अटलांटिकचा नकाशा शांत दिसू लागतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून एकामागोमाग निघणारे ढगांचे पुंजके विरळ होतात. हरिकेनचा, म्हणजे इथल्या प्रचंड चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या सुमारास येऊन गेलेला असतो. मला मात्र हेच दिवस धास्तीचे वाटतात. नजर जाते ती जमैका, होंडुरास आणि मेक्सिकोचं युकातान द्वीपकल्प यांच्यामधल्या पश्चिम कॅरिबियन समुद्राकडे.

आफ्रिकेकडून येणारं वादळ कित्येक दिवस आधी उपग्रहाला दिसतं. इथलं वादळ बरेचदा दारातच जन्मतं. मध्य अमेरिकेभोवती कमी दाबाचं एक ऐसपैस, बेढब क्षेत्र तयार होतं. दिवसेंदिवस नुसता पाऊस आणि विखुरलेले ढग. केंद्र कुठे धरेल, धरेल तरी का, काहीच ठरत नाही. अशा वेळी मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र पुढच्या ७ दिवसांत वादळ होण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं. २० टक्के वाचून लोक पान उलटतात. या समुद्रात, या महिन्यात, तिथूनच लक्ष ठेवायला हवं असं मला वाटतं.

कारण पाण्याखाली आहे. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची रसद तुटते. म्हणूनच एका जागी रेंगाळणारं वादळ बहुतेक ठिकाणी आपणच मंदावतं. पश्चिम कॅरिबियनमध्ये मात्र उन्हाळाभर मुरलेली ऊब खोलवर असते. २६ अंशांहून उबदार पाण्याचा थर कित्येक ठिकाणी १०० मीटरच्याही खाली जातो. कितीही घुसळा, वर येतं ते उबदारच. म्हणजे उपग्रहाला दिसणारं पृष्ठभागाचं तापमान पुरेसं नाही, खोली कळायला हवी.

२००५ साली याच पाण्यावर विल्मा नावाचं वादळ एका दिवसात साध्या वादळापासून पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीच्या हरिकेनपर्यंत पोहोचलं. १९ ऑक्टोबरला त्याच्या केंद्रातला दाब ८८२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. अटलांटिकमध्ये याहून कमी दाब आजवर नोंदलेला नाही. डोळा, म्हणजे मधला शांत भाग, होता अवघा ३.७ किलोमीटर रुंद.

या पाण्याला आवर घालतात ते उंचावरचे वारे. खाली एक आणि वर दुसरा, असे वारे जोरात वाहू लागले की ढगांचा मनोरा कलतो, केंद्र उघडं पडतं. २०२५च्या ऑक्टोबरात मेलिसाला त्यांनी काही दिवस असंच रोखून धरलं होतं. मग ते सैलावले. जमैकाच्या दक्षिणेला माणसाच्या चालीने सरकणारं ते वादळ बघता बघता पाचव्या श्रेणीत गेलं आणि २८ ऑक्टोबरला ताशी सुमारे २९५ किलोमीटर वाऱ्यानिशी किनाऱ्यावर आदळलं.

रेंगाळण्याचा दुसरा घाव पावसाचा. १९९८चं मिच होंडुरासच्या किनाऱ्याशी थबकलं तेव्हा त्याचा वारा उतरत चालला होता, पाऊस मात्र थांबेना. डोंगर खचले, गावं चिखलात गेली. मृतांचा आकडा ११,०००च्या वर गेला.

मोसमी पाऊस परतल्यावर आपल्या समुद्रांतही वादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर २००९मधलं फयान कोकणाला आठवत असेल. कॅरिबियनचा नोव्हेंबरही तसाच बेभरवशाचा. २०२०मध्ये ३ नोव्हेंबरला ईटा निकाराग्वावर आदळलं. दोन आठवड्यांच्या आत, तिथून जेमतेम २५ किलोमीटरवर, त्याहून जोरदार आयोटा आलं. जमीन अजून ओलीच होती.