जुन्या पिस्तुलाचे नवे मॅगझीन

उत्पादन बंद होऊन कित्येक दशके लोटलेली पिस्तुले संग्राहकांच्या हाती येतात, तेव्हा त्यांची नळी आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागचे तोंड बंद करणारा भाग, बहुधा शाबूत असतात. हरवलेले, दबलेले किंवा गंजलेले असते ते मॅगझीन, म्हणजे काडतुसे रचून मुठीत सरकवायची स्प्रिंगची डबी. मग दुसऱ्या एखाद्या कंपनीने बनवलेले पर्यायी मॅगझीन आणले जाते. ते मुठीत विनासायास सरकते, त्याला जागी धरून ठेवणारा खटका बसल्याचा आवाजही येतो आणि तरीही दोन-तीन गोळ्या झाडल्यावर काडतूस अडकून बसते. अशा वेळी दोष पिस्तुलाच्या माथी मारला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

जर्मन लष्कराने १९०८ मध्ये स्वीकारलेले लुगर पी-०८ या बाबतीत विशेष हट्टी समजले जाते. त्याची मूठ नळीशी सुमारे ५५ अंशांचा कोन करते, त्यामुळे आत रचलेली आठ काडतुसे मॅगझीनच्या भिंतींना तिरकी राहून वर सरकतात आणि घर्षण वाढते. त्यातच त्याचा बोल्ट गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर चालतो आणि अतिशय चपळाईने मागे जाऊन पुढे येतो. तेवढ्या अवधीत खालचे काडतूस आपल्या जागी पोहोचलेच पाहिजे.

त्यासाठी स्प्रिंगला किती जोर लागतो, याचा ढोबळ अंदाज शाळेतल्या गणितानेही बांधता येतो. नऊ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅम वजनाचे असते. म्हणजे मॅगझीनमध्ये सात काडतुसे उरली असता ८४ ग्रॅमचा भार झाला. समजा, हा भार एका शतांश सेकंदात एक सेंटिमीटर वर यायला हवा. त्यासाठी लागणारे त्वरण सेकंदवर्गाला २०० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे वीसपट भरते आणि बल जवळजवळ १७ न्यूटन होते, तेही घर्षण आणि काडतुसांचे स्वतःचे वजन न धरता. लुगरचे मॅगझीन नुसत्या बोटांनी भरणे इतके जिकिरीचे का वाटते, हे यावरून कळावे. नव्या मॅगझीनमधली स्प्रिंग थोडी जरी मऊ निघाली, तरी बोल्ट रिकाम्या जागेवरून पुढे निघून जातो किंवा अर्धवट वर आलेल्या काडतुसाला मध्येच आदळतो.

यापेक्षा नाजूक भाग म्हणजे मॅगझीनच्या तोंडाशी आत वळवलेल्या पत्र्याच्या दोन कडा, ज्यांना ओठ म्हणतात. काडतूस कोणत्या उंचीवर थांबेल, त्याचे टोक किती वर झुकेल आणि ते नेमके कोणत्या क्षणी सुटेल, हे तिन्ही या ओठांवर ठरते. पोलादाचा पत्रा वाकवून सोडला की लवचीकतेमुळे तो किंचित मागे उलगडतो. पुढे कडक करण्यासाठी तापवून थंड केल्यावर त्याचा आकार आणखी थोडा बदलतो. पत्रा मऊ ठेवला तर ओठ वापराने फाकतात आणि फार कडक केला तर त्यांना तडा जातो. म्हणूनच मूळ नमुन्याची मापे काटेकोर घेऊन केलेली नक्कलही चालेलच असे नाही. काडतुसे वर ढकलणाऱ्या फॉलोअरचेही असेच आहे. लुगरमध्ये फॉलोअरच्या उजव्या बाजूची गुंडी शेवटच्या गोळीनंतर एक कळ वर उचलते आणि बोल्ट उघडा रोखून धरते. गुंडी जरा खाली राहिली, तर बोल्ट रिकाम्या नळीवर बंद होतो.

लुगरच्या काडतुसाचे माप, ९ मि.मी. पॅराबेलम, हा भारतात निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणारे नळीचे माप, असल्यामुळे परवानाधारकांकडची जुनी पिस्तुले सहसा .३२ बोअरची असतात आणि तिथे अडचण निराळीच असते. १८९९ च्या सुमारास आलेल्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद, सुमारे ९.१ मिलिमीटर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्प्रिंग कितीही जोरकस असली तरी काडतुसे पुढे सरकत नाहीत. काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे २५ मिलिमीटर. मॅगझीन आतून गरजेपेक्षा लांब असले किंवा आखूड टोकाची गोळी वापरली, तर काडतुसांना मागेपुढे सरकायला वाव मिळतो आणि नेमकी ही गाठ पडते. बाहेरून पाहता अशा मॅगझीनमध्ये काहीही वावगे दिसत नाही.

मॅगझीन मुठीत किती उंचीवर थांबते, हे खटक्याच्या खाचेवर अवलंबून असते आणि बसवणीचे बरेचसे काम तिथेच होते. जाणता कारागीर कानस लावतो ती नव्या मॅगझीनला. पिस्तुलाच्या मूळ खटक्याला तो हात लावत नाही, कारण घासलेले धातू परत जोडता येत नाही आणि मॅगझीन बिघडले तर दुसरे आणता येते. भारतात अशा दुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. अनेक लष्करी लुगरसोबत दोन मॅगझीन दिलेली असत. दोन्हींवर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला असे आणि जादाच्या मॅगझीनवर अधिकचे चिन्हही. ही मूळ जोडी सोबत असली की पिस्तुलाची किंमत बरीच चढते, त्यामुळे ज्यांच्याकडे ती आहे असे संग्राहकसुद्धा नेमबाजीसाठी आवर्जून पर्यायी मॅगझीनच विकत घेतात.