लाडबोरीची रिंग आणि परत येणारी यानं

ऐन मोहफुलांच्या दिवसांत, २ एप्रिल २०२२च्या रात्री, विदर्भाच्या आभाळातून जळते तुकडे ओळीनं सरकताना दिसले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची जवळपास ३ मीटर व्यासाची रिंग आदळली, आसपासच्या शिवारांत गोळेही सापडले. अभ्यासकांच्या मते हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. काम संपलं, वरच सोडून दिला, आणि तो पडला.

बरोबर वर्षानं, २ एप्रिल २०२३ला, कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इस्रोचं पंखवालं यान हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून सोडलं. त्यानं धावपट्टी स्वतःच गाठली आणि ताशी ३५० किमी वेगानं उतरलं. अर्थात ही परतीची शेवटची पायरी. खरी कसोटी वर असते.

कक्षेतल्या यानाचा वेग ताशी सुमारे २८,००० किमी. या वेगानं ते वातावरणात शिरलं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप बुडाशी तापतो, तसंच. घर्षणानं जळतं असं आपण सर्रास म्हणतो, पण मोठा वाटा या दाबलेल्या हवेचा.

अमेरिकेचं स्पेस शटल परतताना आधी शेपूट पुढे करायचं आणि इंजिनं दोन-तीन मिनिटं पेटवायचं. वेग थोडासाच घटायचा, पण वाट खाली झुकायला तेवढं पुरे. उरलेला वेग हवेनंच खायचा. म्हणून मग नाक ४० अंश वर आणि पोट पुढे. त्या पोटावर उष्णता अडवणाऱ्या, सिलिकाच्या तंतूंच्या काळ्या फरशा. सगळ्या अंगावरच्या मोजल्या तर २०,०००च्या वर, आणि आत बहुतेक हवाच. नाक आणि पंखांची कड सर्वांत जास्त तापायची, तिथं कार्बनचं कवच. २००३ साली उड्डाणावेळी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा कोलंबिया या शटलच्या पंखाच्या याच कडेवर आदळला. परतताना तप्त वायू पंखात शिरला आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले.

शटलला पुनर्वापराचं यान म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. ती नारिंगी इंधनटाकी दरवेळी वायाच जायची, उड्डाणाला जोर देणारे बूस्टर रॉकेट समुद्रातून ओढून आणावे लागत. त्यात फरशा एकेक तपासायच्या, खराब झाल्या तर बदलायच्या. सुरुवातीचं गणित एकेका शटलच्या दर दोन आठवड्यांनी उड्डाणाचं होतं. प्रत्यक्षात अख्ख्या ताफ्याची एका वर्षातली सर्वाधिक उड्डाणं १९८५ सालची: ९.