ध्रुवावर ढग आणि प्रारण मोजायचंय? सोलापूरच्या संशोधकांसाठी अर्जाची माहिती

सोलापूर पर्जन्यछायेत, म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं) ढगांवरच्या कॅइपीक्स प्रयोगासाठी हा परिसर निवडला. ढगांचंच काम पुढं ध्रुवावर न्यायचं असेल, तर वाट गोव्यातून जाते. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आर्क्टिक मोहिमांसाठी प्रस्ताव मागवतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडला आपलं हिमाद्री स्थानक २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही तिथं मोहिमा जातात.

प्रस्ताव संस्थेमार्फत द्यायचा. विद्यापीठातले प्राध्यापक प्रमुख संशोधक आणि पीएचडीचे विद्यार्थी त्यांच्या चमूत, अशी रचना सोयीची. सोबत बायोडेटा, संस्थाप्रमुखांचं पत्र, खर्चाचा अंदाज, उपकरणांची यादी. नेमकी यादी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी.

खरी कसोटी जागेच्या आराखड्याची. ‘ढग तर सोलापुरातही आहेत, तिकडं कशाला?’ हा प्रश्न येणारच. (इथं कमीच आहेत, ते सोडा.) उत्तर असं: बर्फ मुळातच बहुतेक सूर्यप्रकाश परतवतो, त्यामुळं ढगाची सावली तिथं फारशी जाणवत नाही, उलट ढगातून खाली येणारं दीर्घलहरी प्रारण, म्हणजे न दिसणारी उष्णता, जमीन तापवतं. त्यात शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असले की परिणाम आणखी वाढतो. हे मोजायला पायरॅनोमीटर (सूर्यप्रकाशासाठी) आणि पायरजिओमीटर (दीर्घलहरी प्रारणासाठी) लागतात. त्यांच्या काचेवर हिम साचू नये म्हणून पंखा व हीटर, त्यासाठी अखंड वीज, आणि रोज काच पुसणारा माणूस, हे सगळं आराखड्यात लिहा. क्षितिजावर डोंगर किती अंशांपर्यंत चढून आकाश झाकतात तेही. न्यू-ऑलेसुंडला ते आहेतच, लपवून उपयोग नाही.

रडार नेणार असाल तर आधी वारंवारता तपासा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळं २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये प्रक्षेपणाला बंदी आहे. वायफाय, ब्लूटूथही त्यातच आले. २४ गिगाहर्ट्झचं पर्जन्य रडार वेगळ्या परवानगीशिवाय चालणार नाही, ३५ किंवा ९४ गिगाहर्ट्झचं ढग-रडार या पट्ट्याबाहेर पडतं. शिवाय प्रकल्पाची नोंद ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या नोंदवहीत करावी लागते.

अंटार्क्टिकावरचं आपलं मैत्री किंवा भारती स्थानक निवडलंत, तर २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानुसार परवाना, पर्यावरणीय परिणामांचं मूल्यमापन, वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडातल्या औलीचं बर्फातलं प्रशिक्षण आलंच.

पासपोर्टचं काम लवकर उरका. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट ऑस्लोवरून असल्यानं शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) हवा. तोही दोनदा प्रवेशाचा, कारण स्वालबार्ड शेंगेनबाहेर धरलं जातं आणि परतताना पुन्हा आत यावं लागतं.