नळीतले मिठागर

काजूचा हंगाम आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ताप आलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुना माकडतापाच्या तपासणीसाठी घेतला जातो, कारण गोचिडींमार्फत पसरणारा हा रोग २०१५ साली या तालुक्यात आढळला आणि बागायतीत, रानात काम करणाऱ्यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. हा नमुना सरळ फ्रीझरमध्ये का ठेवत नाहीत, असे मला अनेकांनी विचारले आहे. जितका गारवा अधिक तितका नमुना सुरक्षित, ही समजूत स्वाभाविक असली तरी चुकीची आहे.

अख्खे रक्त गोठवले तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत अडथळा आणते, म्हणून रक्त आधी साकळू देतात आणि वर सुटलेला पिवळसर रक्तद्रव (सीरम) वेगळा काढतात. मात्र हा रक्तद्रवही उणे २० अंशांवर पुरता गोठत नाही. पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते, त्यामुळे ते स्फटिकांमधल्या फटींत उरलेल्या पाण्यात साचत जाते, आणि असे खारे पाणी उणे २१ अंशांच्या किंचित खाली गेल्याशिवाय संपूर्ण घट्ट होत नाही. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांत ऊन वाफेच्या रूपाने पाणी काढून नेते आणि वाफ्यात उरलेले पाणी दिवसेंदिवस खारट होते. फ्रीझर तेच काम बर्फाच्या रूपाने करतो. रक्तद्रवात मीठ शेकडा ०.९ च्या आसपास असते, ते या फटींत शेकडा २२ पर्यंत चढते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या सुमारे सहापट.

माकडतापाचा विषाणू मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढा असून त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. इतक्या खारट पाण्यात प्रथिनांची घडी बिघडते, आवरण फाटते आणि आतला आरएनए, म्हणजे पीसीआरने शोधायचे तेच जनुकीय द्रव्य, उघडा पडतो. नमुना वितळला की रक्तद्रवातली विकरे त्याचे तुकडे करतात. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये तापमान सतत वरखाली होते, त्यामुळे तो सर्वांत वाईट. म्हणून दोन-तीन दिवसांत पोहोचणारा नमुना २ ते ८ अंशांवर ठेवतात, आणि त्याहून उशीर होणार असेल तर थेट उणे ७० अंशांच्या खाली नेतात, जिथे फटींतले पाणीही गोठलेले असते.

प्रवासात हा गारवा उणे ७८.५ अंशांच्या कोरड्या बर्फाने राखतात. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड नळीत शिरून द्रव आम्लधर्मी करू नये म्हणून नळीचे झाकण घट्ट हवे, आणि बाहेरच्या खोक्याला मात्र वायू निघून जाण्यास वाट हवी, नाहीतर खोके फुटते. नळी, तिच्याभोवती शोषक कापूस आणि गळती न होणारा डबा, त्यावर मजबूत खोके, अशी तिहेरी बांधणी असते.

ताप म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा कोप समजून आधी त्याला गाऱ्हाणे घालायचे आणि आठवड्याने दवाखाना गाठायचा, ही रीत इथे फार महागात पडते, कारण रक्तातला विषाणू पहिल्या काही दिवसांतच भरपूर असतो आणि नंतर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधावी लागतात. कोणती चाचणी लावायची हे त्यावरच ठरते, म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर रक्त घेतल्याच्या तारखेइतकीच ताप सुरू झाल्याची तारीखही आवश्यक असते.